एक टक्क्याचं कारण

बेळ्ळंदूर, मंगळवार संध्याकाळ

फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर का, असं बाबांनी विचारलं तेव्हा म्हटलं होतं, बायकांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत असते. आज नोंदणीचे कागद बघताना वकील हसले. "अक्का, ते महाराष्ट्रात. इथे कर्नाटकात सगळ्यांना सारखंच."

म्हणजे मी खोटं बोलले का? तेव्हा खरंच वाटलं होतं. पण खरं कारण ते नव्हतंच. राहवेना, बाबांना फोन करून सवलत नसल्याचं सांगितलं.

"मग दादाचंही नाव घालू."

"नको."

"का गं? उद्या लग्न झाल्यावर..."

"लग्नच नाही करायचं मला, बाबा."

मग म्हणाले, "आईला तूच सांग."

अजून सांगितलेलं नाही. तो एक टक्का मिळाला असता, तर आणखी वर्षभर गप्प राहता आलं असतं.