अध्यक्षांच्या भाषणातलं एक वाक्य

प्रिय नंदू,

गुरुजी टेबलावर पट्टी आपटायचे, टक्, टक्, आणि आपला सातवीचा अख्खा वर्ग त्या तालावर नदीची कविता म्हणायचा. परळच्या शाळेतला तो आवाज आज दुपारी कांदिवलीत, या चौदाव्या मजल्यावर, मला स्वच्छ ऐकू आला. तू पाच मजले खाली राहतोस. येऊन बोलायला काय लागतं? पण मी तोंड उघडलं की भाषण होतं, हे परवा तू पाहिलंसच. म्हणून कागद घेतला.

परवा गच्चीवर मी सोसायटीचा अध्यक्ष म्हणून पुन्हा मतं मागत होतो, आणि समोर उमेदवार तू. 'कामवाल्या बायकांनी सामानाची लिफ्ट वापरावी' ही पाटी काढणार, असं मी म्हणालो. वनमाला तुझ्याकडे पोळ्या लाटते, माझ्याकडे भाजी करते. तिच्या हातचं आपण जेवतो, मग तिच्या शेजारी उभं राहून वर यायला आपल्याला काय होतं? या बायकांसाठी खाली संडास, वॉचमनच्या केबिनला पंखा, सगळं वर्षभरात करीन म्हणालो. टाळ्या पडल्या.

तिथेच बसायला हवं होतं. पण टाळ्यांची चटक वाईट रे. पुढे म्हणालो, कमिटीत पाटीचा विषय निघाला की आमचे नंदूशेठ गप्प. सातवीतही कविता म्हणायला उभं केलं तेव्हा असेच गप्प होते, छड्या खाल्ल्या पण तोंड उघडलं नाही. गच्ची खदखदून हसली. 'काका, झकास,' सोसायटीच्या पोरांतला सुशांत मागून ओरडला. तूही हसलास. रत्नप्रभावहिनी मात्र तुझ्या शेजारून उठून खाली गेल्या.

त्यांना खरं काय ते ठाऊक असणार. मला ती कविता आजही पाठ आहे, पण ती मी तुझ्या पुस्तकातून पाठ केली होती. माझ्याकडे पुस्तक नव्हतं. तासाभरात परत देतो म्हणून आदल्या संध्याकाळी नेलं, आणि कवितेतल्या त्या नदीच्या काठी असा रमलो की दिलंच नाही. सकाळी मी खणखणीत म्हणून शाबासकी घेतली. मग तू उभा राहिलास. पुस्तक कुठाय, गुरुजींनी विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस. सत्तावन्न वर्षांत माझ्यापाशी एकदाही हा विषय काढला नाहीस, आणि मी काढला तो असा.

पाटीबद्दल तू गप्प राहिलास ते चूकच, त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण सातवीतलं तुझं गप्प राहणं माझ्यासाठी होतं, ते सगळ्यांना कळलं पाहिजे. रविवारी मतदान. त्याआधी हे पत्र खाली नोटीस बोर्डावर लावावं म्हणतो. तुझी ना असेल तर नाही लावणार, म्हणून आधी तुला. वाचून लोकांनी मला पाडलं तर पाडू देत. मात्र निवडून आलास तर ती पाटी तू काढ.

तुझाच, अजून त्याच बाकावरचा,
राजाराम

ता. क. घडी घालत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात वनमाला. संध्याकाळची ती कधी येत नाही. म्हणते, 'नंदूकाकांनी मला तुमच्या लोकांच्या लिफ्टने वर आणलं. ते लिफ्टचा दरवाजा धरून उभे आहेत, विचारतायत, राजा घरात घेईल का.' थांब, आलोच.