पिल्लाला भरवलेली पुरणपोळी

अब्बा, काल तुमची नात ताथवड्याच्या घरी आली होती. गुरांची डॉक्टर होतेय. तुमच्यावरच गेलीय, माणसांशी भांडते आणि जनावरांशी गोड बोलते. चहा पिता पिता मी तिला आपल्या हत्तिणीच्या पिल्लाची गोष्ट सांगितली.

खंडेनवमीला कंपन्यांत यंत्रांची पूजा असायची आणि हत्तिणीचा मालक तुम्हाला तिला घेऊन पिंपरीला गेटवर पाठवायचा. माहुताचा पोरगा म्हणून त्या दिवशी माझी ऐट काय विचारता. त्या वर्षी पिल्लूही सोबत होतं. मला अजून दिसतंय, कामगार सोंडेला हात लावून कपाळाला लावतायत, पिल्लू एकाच्या खिशातला रुमाल ओढतंय आणि तुम्ही हसताय, "आरं, सोड की त्याला, ड्युटीवर हाय त्यो." कुणीतरी नैवेद्याची पुरणपोळी दिली, ती तुम्ही पिल्लाला भरवलीत. दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड सुजलं, जीभ जांभळी पडली आणि दिवस मावळायच्या आत ते गेलं. मालकानंही तुम्हाला बोल लावला नाही, पण पोळी बाधली हे तुमच्या मनातून कधी गेलं नाही. होळीला शेजारच्या काकूंकडून ताट आलं की तुमची पोळी माझ्या ताटात यायची. मी लहान, मला तेवढंच बरं वाटायचं.

"पप्पा, पोळीनं असं नाही होत," पोरगी म्हणाली. "तो व्हायरस असणार. मोठ्या हत्तींच्या अंगात गप पडून असतो, पिल्लाला मात्र एका दिवसात नेतो. अजूनही वाचवणं अवघड जातं. आजोबांनी काहीच केलं नव्हतं." मला रडू आलं, अब्बा. वाटलं, तसंच उठून कब्रस्तानात यावं आणि तुम्हाला सांगावं.

मग मी विचारलं, पिल्लाला तो लागतो कुठून? "मोठ्यांच्या सोंडेतून. बऱ्याचदा आईकडूनच."

पिल्लू गेलं त्या संध्याकाळी हत्तीण त्याच्यावरची सोंड काढत नव्हती. तुम्ही तिच्या पायाला टेकून बसला होतात आणि पुन्हा पुन्हा म्हणत होतात, "तुझा काय गुन्हा, बये? चूक माझी हाय." पुढे ती होती तोवर तुम्ही तिला सोडून एक रात्र बाहेर राहिला नाहीत.

तुम्हाला मोकळं करायचं तर मला हत्तिणीचं नाव घ्यावं लागेल. ते तुम्ही ऐकून घेतलं नसतं. खरं सांगतो अब्बा, तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं.