चतुराबाईंची सहा अंडी व माझी इतर मालमत्ता

आज दिनांक २० फेब्रुवारी २०२५, गुरुवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. लातूर येथील एका खासगी दवाखान्यात डाव्या हाताला सलाईन आणि उजव्या हातात पेन अशा अवस्थेत, जेवणाचा ट्रे मांडीवर उलटा ठेवून मी हे लिहीत आहे. अकरा वाजता माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ काम आहे. पण किरकोळ कामासाठी त्यांनी माझ्या चार सह्या घेतल्या, म्हणून पाचवी मी स्वतःहून या मृत्युपत्रावर करून ठेवतो.

मी, शमुवेल शिवप्पा वाघमारे, वय सत्तावीस, धंदा जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरणे (विहिरीवरच्या), राहणार निलंगा, शिक्षण दहावी, गणित सोडून. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट, आई सकाळपासून "असलं अभद्र लिहू नको" म्हणून दबाव आणत आहे आणि तरी मी लिहीत आहे, यावरून माझी इच्छा स्वतंत्र असल्याचे कोर्टाने समजून घ्यावे.

कलम १. माझा आत्मा ज्याचा आहे त्याच्याकडे जाईल. तेथे माझी काही हरकत नाही.

कलम २. दुकान भाड्याचे असल्याने देता येत नाही. आतले वायंडिंगचे मशीन, पान्हे, तांब्याच्या तारेची रिळे आणि मल्टिमीटर शेजारच्या वेल्डर मल्लिनाथला द्यावेत. मल्टिमीटर वापरून झाल्यावर बंद करावा. मल्लिनाथ करत नाही. म्हणून लिहिले.

कलम ३. पोस्टातली ठेव आईला, म्हणजे सिंधु शिवप्पा वाघमारे हिला. मोटारसायकल नांदेडला नोकरी करणारी माझी बहीण समीक्षा हिला. तिने ती विकावी, चालवू नये. नांदेडचे ऑटोवाले मी पाहिले आहेत.

कलम ४. हे कलम मोठे आहे.

आमच्या चर्चमध्ये सुगीच्या सणाला प्रत्येकजण आपल्या घरचे, शेतातले काहीतरी देवाला आणतो आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. घेणारा पैसे भरून ती वस्तू बरेचदा परत देवालाच देतो, मग ती पुन्हा लिलावात निघते. एकच भोपळा चार घरांनी विकत घेतलेला आणि शेवटी कोणीच घरी न नेलेला मी पाहिला आहे. बोली पुकारण्याचे काम माझ्याकडे होते, कारण माईक माझा आहे.

गेल्या डिसेंबरच्या सणाला चर्चच्या कमिटीने ठरवले की वेळ फार जातो, म्हणून पाचशे रुपयांच्या आतली वस्तू पुकारायची नाही. ती गुपचूप टेबलावर ठेवायची, ज्याला हवी तो नेईल. आता, चतुराबाई दरवर्षी सहा अंडी रुमालात बांधून आणतात. त्या एकट्या राहतात. वर्षातून एकदा त्यांचे नाव माईकवरून घेतले जाते आणि ते ऐकायला त्या पहिल्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

मी पुकारले, "चतुराबाईंची सहा अंडी, गावरान. बोला."

आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड दयानंद, माझ्या कानाशी आले. "शमुवेल, ठरलंय ना आपलं?"

"तुमचं ठरलंय, साहेब," मी म्हणालो. माईक चालू होता.

त्यानंतर लोकांना जो चेव आला तो मी आणलेला नाही. अंडी विकली गेली, परत आली, पुन्हा विकली गेली. मध्येच एक फुटले, त्यामुळे पुढची बोली पाच अंड्यांवर झाली, हेही मी पुकारून सांगितले. शेवटी त्यांची रक्कम कमिटीचे सेक्रेटरी शेषेराव यांच्या सोयाबीनच्या पोत्यापुढे गेली. शेषेराव उभे राहिले.

"अंडी हायत का सोनं हाय?"

"काळ्या कोंबडीची हायत," चतुराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "घ्या की तुमी बी. पोत्यावर ठिवा."

लोक हसले. कमिटी हसली नाही. शिस्तभंगाचा ठराव झाला की शमुवेल लेखी माफी मागेपर्यंत त्याला प्रभुभोजन मिळणार नाही. जानेवारीत आणि फेब्रुवारीत सगळे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे गेले. मी बाकावर बसून राहिलो. आज मी त्यावाचूनच ऑपरेशनच्या टेबलावर जाणार आहे, आणि मला भय त्याचे आहे, खड्यांचे नाही.

शेषेराव सांगतात की पोरगा देवावर रुसला. हे खरे नाही. मी एकही रविवार चुकवला नाही, दुसऱ्या चर्चात गेलो नाही. देवाने माझे काही बिघडवलेले नाही. ठरावाचे इतिवृत्त मी दोनदा वाचले, त्यावर त्याची सही नाही.

माफी मी मागितलेली नाही. माझ्या पश्चात माझ्या नावाने कोणी मागू नये. आई, तू सुद्धा.

कलम ५. मला आमच्या दफनभूमीत वडिलांच्या शेजारी ठेवावे आणि विधी पाळकसाहेबांनीच करावा. उदगीरचे पाळक बोलवावेत असे एकदा मनात आले होते, पण ते स्तोत्र फार घाईने वाचतात. आमच्या साहेबांशी माझे पटत नाही, पण ते वाचतात नीट.

कलम ६. माईक, अँप्लिफायर आणि दोन बॉक्स चर्चला. अट एकच. सुगीच्या सणाला लिंबू आले तरी ते आणणाऱ्याच्या नावासकट पुकारावे. हातात धरायचा जुना भोंगा, ज्याचे बटण अडकते आणि तो बंद होत नाही, पाळकसाहेबांना.

कलम ७. चतुराबाईंना अंड्यांचा झाकणवाला ट्रे नवा घेऊन द्यावा.

आता नऊ वाजून वीस मिनिटे. साक्षीदार दोन लागतात आणि ज्यांना काही मिळणार आहे ते चालत नाहीत, म्हणून आई बाद. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे भाऊ शरणप्पा, राहणार शिरूर अनंतपाळ, तयार झाले. त्यांनी सगळे वाचले व म्हणाले, "आमच्या देवळाच्या ट्रस्टीत बी एक शेषेराव हाय. नाव निराळं हाय, एवढंच."

दुसऱ्या साक्षीदाराची शोधाशोध चालू असताना पाळकसाहेब आले. निलंग्याहून सकाळच्या एसटीने. आजारी माणसाला घरी प्रभुभोजन द्यायची त्यांची लहान लाकडी पेटी काखेत होती.

"कमिटीला विचारलं का?" मी म्हणालो.

"कमिटी लातूरला हाय का?"

"आणि माफी?"

"ती तू मागणार न्हाईस आणि मी सोडणार न्हाई. आता नीट बस."

त्यांनी पेटी उघडली तेवढ्यात सिस्टर आली. "काय द्यायलाव काका? पेशंट उपाशी ठेवायचाय. पाण्याचा थेंब बी चालणार न्हाई."

"एवढासा तुकडा आहे, बाई."

"तुकडा असू द्या न्हाईतर भाकरी. भूल द्यायचीय त्यांना."

साहेबांनी तिला शास्त्रातला आधार सांगायला सुरुवात केली, मी डॉक्टरांना बोलवा म्हणालो. डिसेंबरनंतर आम्ही दोघे प्रथमच एका बाजूने भांडलो, आणि हरलो. साहेबांनी पेटी बंद केली. मग चष्मा लावून हा कागद वाचला. कलम ४ वर बराच वेळ थांबले.

"माईक बंद करायचं बटन मला घावलंच न्हाई त्या दिवशी," ते म्हणाले. "न्हाईतर एवढं झालं नसतं."

"झालं असतं, साहेब."

"हां. झालं असतं."

साक्षीदार व्हायला ते तयार आहेत. त्यामुळे कलम ६ मधला भोंगा त्यांना मिळू शकत नाही व तो मल्लिनाथकडे जाईल. हे ऐकून त्यांना वाईट वाटल्याचे दिसले नाही.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, परत वाचले, दोन ठिकाणी दुरुस्त केले व दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर खाली सही करत आहे.

शमुवेल शिवप्पा वाघमारे
लातूर, २० फेब्रुवारी २०२५, सकाळी १० वाजून ५ मिनिटे

साक्षीदार १ : शरणप्पा बिराजदार, शिरूर अनंतपाळ

साक्षीदार २ : रेव्ह. दयानंद सोनकांबळे, निलंगा. कलम ४ मला मान्य नाही. सही माझ्यासमोर झाली. डॉक्टर संध्याकाळी तोंडाने घ्यायला परवानगी देतील असे कळते. तोवर मी बाहेर बाकावर आहे. पेटी कोणी हलवू नये.