व्याह्यांबरोबर एकाच यंत्रात

ती. ताई,

मी, तुझा सख्खा धाकटा भाऊ, वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका सिमेंट कंपनीचा मुख्य लेखापाल आणि तुझ्या भाचीचा बाप, या पत्राने कळवतो की मी जहाजावर आलो, जहाजावर स्वतःच्या हाताने कपडे धुतले, आणि त्यामुळे चिऊच्या लग्नात मला बसायला खुर्ची मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. हे सारे तुझ्यामुळे घडले, म्हणून तुझे आभार मानणे हा या पत्राचा हेतू. तुला व दाजींना वाकून नमस्कार. (जहाज हलत असल्याने मी ठरवल्यापेक्षा थोडा जास्त वाकलो, तेवढा अधिक धरावा.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचे चष्म्यावाचून पेपर वाचण्याचे प्रयोग थांबले का? आम्हा दोघांची प्रकृती उत्तम आहे. हिला पहिल्या दिवशी बोट लागली. दुसऱ्या दिवसापासून फक्त माझे बोलणे लागते.

पार्श्वभूमी तुला ठाऊक आहे, तरी पत्र आपल्यापुरते पूर्ण असावे म्हणून नमूद करतो. होणाऱ्या व्याह्यांनी पहिल्याच भेटीत स्वतः रचलेली लग्नपत्रिका मला मोठ्या हौसेने वाचायला दिली, आणि मी ती तपासून परत केली. (पेन्सिलीने, शाईने नव्हे. एवढा विवेक मी राखला होता.) राग आला नाही असे ते म्हणाले, पण समोरचा चहा त्यांनी तसाच ठेवला. तेव्हापासून दोन्ही घरांतले निरोप चिऊमार्फत जाऊ लागले. अखेर तिने आणि त्या मुलाने सांगून टाकले की, तुम्हा चौघांना एका टेबलाशी धड बसता येत नसेल तर आम्ही दोघे कचेरीत जाऊन सह्या करून येतो, तुम्हाला नंतर फोटो दाखवू. मी तिची समजूत घालायला गेलो आणि समजूत घालता घालता तिच्या वाक्यातला एक शब्द दुरुस्त केला. ती उठून गेली. त्या दिवशी तू तिला जवळ घेऊन, ‘तुझा बाप कापडाला चांगला आहे गं, फक्त इस्त्री फार कडक झालीय’ असे म्हणालीस (हे मला हिच्याकडून कळले), आणि चौघांना आठवडाभर जहाजावर कोंडण्याची कल्पना तिच्या गळी उतरवलीस. तिकिटे मुलांनी काढली. अट एकच होती: बाबांनी कोणाच्या चुका काढायच्या नाहीत.

पहिले काही दिवस आम्ही चौघे इतक्या सभ्यतेने वागलो की कोणाचेच पोट भरेना. भांडे प्रत्येकाने पुढच्याकडे सरकवायचे, त्याने ते परत सरकवायचे, आणि तेवढ्यात वाढपी येऊन ते उचलून न्यायचा. अशात एका सकाळी दाराखालून चिठ्ठी आली की आज संध्याकाळच्या भोजनास सर्वांनी पांढरे कपडे घालून यावे. माझा एकुलता एक पांढरा सदरा आदल्या दिवशी सुपात बुडून निघाला होता, आणि जहाजाची धुलाईसेवा कपडे दुसऱ्या दिवशी देणार होती. ही म्हणाली, ‘मी सुट्टीवर आलेय. माझाही पांढरा ड्रेस घेऊन जा.’ मी पिशवी उचलली.

प्रवाशांसाठी धुण्याची खोली खालच्या मजल्यावर आहे: लांबट, उबदार, साबणाच्या वासाने भरलेली. धुण्याची यंत्रे दोन, त्यांपैकी एकावर ‘बंद’ अशी पाटी. भिंतीवर सूचना होत्या. त्या मी दोनदा वाचल्या. रंगीत कपडे वेगळे धुवावेत, हे कलम त्यांत ठळक अक्षरांत होते. मी वर्गवारीला लागणार, इतक्यात दारात व्याही, हातात कपड्यांनी गच्च भरलेला उशीचा अभ्रा.

‘आधी तुम्ही,’ मी म्हणालो.

‘छे छे, तुम्ही आधी आलात.’

‘भलतंच. मुलाकडचे आपण, मान आपला.’

‘ते दिवस गेले हो. मुलीकडचे तुम्ही, मान तुमचा.’

असा तो मान आम्ही यंत्राच्या तोंडासमोर इकडून तिकडे ढकलत असताना एक धिप्पाड प्रवासी आला, आमच्या दोघांच्या मधून वाकला, आपले कपडे आत कोंबून बटण दाबून पेपर वाचत बसला. आम्हाला समोरच्या बाकावर शेजारी-शेजारी बसणे आले. बोलायला विषय नव्हता, तेव्हा त्या गृहस्थाचे कपडे काचेमागे फिरताना पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने व्याही म्हणाले, ‘त्याच्या पायजम्याला नाडी नाहीये.’ मी म्हणालो, ‘आहे. बाहीत अडकलीय.’ म्हणालो आणि जीभ चावली. चूक काढली गेली होती. पण व्याह्यांनी काचेला नाक लावून पाहिले आणि म्हणाले, ‘अरे हो की.’ मग हसले. मीही हसलो. त्या गृहस्थाने पेपर खाली करून आम्हा दोघांकडे पाहिले, आणि आम्ही दोघांनी एकदमच छताकडे पाहिले.

यंत्र मोकळे झाले तेव्हा मी पुन्हा ‘आधी तुम्ही’ म्हणायला तोंड उघडले. व्याही म्हणाले, ‘आता मान राहू द्या, नाहीतर तो टॉवेल घेऊन परत येईल. दोघांचं एकत्रच टाकू.’ ताई, माझी अडचण लक्षात घे. नाही म्हणावे, तर त्यांच्या कपड्यांबद्दल काहीतरी म्हटल्यासारखे होते. त्यांनी अभ्रा आत उपडा केला, त्यावर माझी पिशवी उपडी केली. त्या पिशवीत, वर्गवारीच्या प्रतीक्षेत, माझी पोहण्याची तांबडी चड्डीही होती. भिंतीवरचे ते कलम माझ्याकडे बघत होते. लेखी सूचना वाचूनही मी गप्प राहिल्याचे हे माझ्या आयुष्यातले पहिलेच उदाहरण.

दार उघडले तेव्हा चौघांचे पांढरे कपडे गुलाबी निघाले. डागाडागांनी नव्हे, सगळ्यांना सारखी वाटणी, कोणाची तक्रार राहू नये अशी. कपडे कुठवर आले हे पाहायला विहीणबाई नेमक्या तेव्हाच आल्या. त्यांनी आपला ड्रेस दोन बोटांत धरला, उजेडाकडे नेला आणि विचारले, ‘कोणाचा रंग गेलाय हा?’ व्याह्यांचा चेहरा ड्रेसच्या नेमका उलटा, पांढराफटक झाला होता. मी तांबडी चड्डी वर धरली आणि म्हणालो, ‘माझा. चूक माझी आहे.’ (हे शब्द मी पूर्वी कधी उच्चारले असल्यास कळव. मला आठवत नाही. हिलाही आठवत नाही.)

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले, चड्डीकडे पाहिले. मग बाकावर बसल्या.

‘म्हणजे तुम्हीही चुकता,’ त्या म्हणाल्या. ‘बरं वाटलं हो.’

पुढचे सारे सुरळीत झाले. ही खाली आली, पोट धरून हसली. दोघींनी इस्त्री केली, आम्ही दोघांनी टोके ताणून धरली, आणि संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र भोजनगृहात आम्ही चौघेच गुलाबी असे प्रवेशते झालो. जहाजाच्या फोटोग्राफरने न विचारताच आम्हाला एका चौकटीत उभे केले. तो फोटो विहीणबाईंनी मुलांना पाठवला. थोड्याच वेळात चिऊचा फोन आला. ‘बाबा, चौघांनी सारखे कपडे? ठरवून?’ मी वस्तुस्थिती सांगणार होतो, पण व्याह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी ‘हो’ म्हणालो. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘तारीख तुम्ही चौघं मिळून ठरवा.’

तारीख आम्ही जेवता जेवता ठरवली. पत्रिका व्याह्यांच्याच शब्दांत निघेल. ताई, तू त्या दिवशी चिऊला जवळ घेतले नसतेस, तर माझ्या एकुलत्या एका मुलीचे लग्न मी फोटोत पाहिले असते आणि त्यातही काही चुकले आहे का ते शोधत बसलो असतो. तुझे हे ऋण आहे, आणि ते मी आनंदाने माझ्या नावे ठेवतो. लग्नात तू पुढच्या रांगेत माझ्या शेजारी बसायचे आहेस. (सही, स्थळ व दिनांक ता. क. नंतर घालत आहे, म्हणजे तेही पत्राचाच भाग समजले जातील.)

ता. क. १: रंग माझ्या चड्डीचा गेलेला नाही. ती इतकी वर्षे धुतली जात आहे की तिच्यापाशी द्यायला रंगच उरलेला नाही. विहीणबाईंचा नवा लाल स्कार्फ व्याह्यांच्या अभ्र्यातून आत गेला होता. यंत्राचे दार उघडताच तो व्याह्यांनी पाहिला, मीही पाहिला, आणि विहीणबाई आत येईपर्यंत तो ओलाच्या ओला व्याह्यांच्या खिशात होता. त्यावर आम्ही दोघे एक अक्षरही बोललो नाही आणि बोलणार नाही. मात्र जेवताना त्यांनी माझ्या ताटलीत स्वतःची मिठाई वाढली.

ता. क. २: खरे काय ते जगात एका तरी माणसाला बरोबर ठाऊक असावे, नाहीतर मला झोप लागणार नाही, एवढ्याचसाठी हे पत्र. वाचून झाल्यावर फाडून टाक.

ता. क. ३: फाडण्यापूर्वी दाजींना एकदा मोठ्याने वाचून दाखव.

तुझा धाकटा भाऊ
(विहीणबाईंच्या लेखी अपराधी)
भर समुद्रात, जहाजाच्या वाचनालयातून
शनिवार, दिनांक १४