वजीराखालाची ईदी

खाबुरा, ओमान, १० फेब्रुवारी २०२५

चि. शिवांगीस,
अ. उ. आ.

हे पत्र गजेंद्रच्या हाती देतेय. एसी दुरुस्त करायला आला नि आपल्या कणकवलीचा निघाला, सुट्टीवर घरीच चाललाय. मोबाइल मॅडमच्या कपाटात असतो. शुक्रवारी मिळतो, तोही स्पीकर लावून, त्यांच्यासमोर, त्यांना कळेल अशा हिंदीत. म्हणून मी मजेत आहे म्हणते. मजेत कसली डोंबलाची!

दोन वर्षांचा करार दिवाळीतच संपला. पासपोर्ट मागितला की इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात. आणि परवा म्हणते, तुझ्या बहिणीनेच तुला ठेवून घ्यायला सांगितलंय. अगं बये, काय बोललीस तू तिच्याशी? आई नाही, तुझं पहिलं बाळंतपण मी करणार, असं ठरलं होतं ना? इथे दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घालत बसलेय.

मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. फाटकाबाहेर एकटीने जायचं नाही, एवढंच. घरात वजीराखाला म्हणून म्हातारी आहे. पोरवयात बलुचिस्तानातल्या मकराणातून आणून तिला या घराला विकली होती. तीही मोडकंतोडकं हिंदी बोलते, म्हणून आमची गट्टी. इथे १९७० साली गुलामी बंद झाली तेव्हा धन्याने सांगितलं, तू मोकळी. ही बरं म्हणाली नि मासे साफ करायला बसली. मला म्हणते, मारलं असतं तर पळाले असते, लाड केले म्हणून राहिले.

गजेंद्र परत येईल तेव्हा खरं काय ते लिही.

तुझी वाट बघणारी,
कलाताई

कणकवली, ३ मार्च २०२५

ती. कलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मॅडमनी खजुराचा डबा पाठवला होता. रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून खाजं नि आमसुलं भरून दिली. फोनवर त्या म्हणाल्या, कला आम्हाला मुलीसारखी. मी म्हटलं, ताई तुमचीच आहे, हवे तेवढे दिवस ठेवून घ्या. आपल्याकडे म्हणतातच ना गं असं! म्हणून कोणी माणूस धरून ठेवतं?

आणि तू गं? दोन वर्षं मजेत, मजेत! मला काय स्वप्न पडणार होतं?

गेल्या शुक्रवारी तू फोन ठेवायच्या आत मॅडमना सरळ सांगितलं, माझी बहीण पाठवा. तर हसल्या. म्हणाल्या, संकोच करू नकोस, ती आमचीच आहे. आता कुठे डोकं आपटू? डॉक्टरांनी एप्रिलअखेरची तारीख दिलीय. पासपोर्ट नसला तरी दूतावास मदत करतो, असं गजेंद्र सांगतो. पण फाटकाबाहेर येशील तर ना!

माझ्या बोलण्यावर रागव, माझ्यावर नको.

तुझी,
शिवांगी

सीब, मस्कतजवळ, ३ एप्रिल २०२५

चि. शिवांगीस,
अ. उ. आ.

सुटले गं बाई! गजेंद्रच्या ओळखीने रत्नागिरीच्या फरिदाभाभींकडे आहे. पासपोर्ट उशाखाली घेऊन झोपते. मोबाइल मॅडमच्या कपाटातच राहिला, म्हणून भाभींच्या फोनवरून या पत्राचा फोटो पाठवतेय.

त्या घरातली रीत अशी, की ईदच्या सकाळी सगळ्या नातेवाइकांसमोर मॅडम खालाला विचारते, तुला काय हवं? खाला दरवर्षी म्हणते, तुमचं सुख, आणखी काय. मग तिला ईदी म्हणून कापड मिळतं. यंदा ती म्हणाली, कलाचा पासपोर्ट. मॅडम हसली. खाला हसली नाही. हात पुढे धरून बसून राहिली. सगळे काका, मावश्या बघताहेत, मॅडम करते काय? उठली नि घेऊन आली. माझ्याकडे रागाने बघतसुद्धा नव्हती, रडत होती. तिला खरंच वाटतं, तिने माझ्यावर माया केली.

मी विचारलं, खाला, इतकी वर्षं स्वतःसाठी का नाही काही मागितलंत? म्हणाली, मागायला आधी कुठे जायचं ते ठाऊक लागतं. तुला शिवांगी आहे.

निघताना फाटकापर्यंत आली. मी तिचा हात धरून ओढला, निदान रस्त्यापर्यंत तरी चला. तिने हात सोडवला. भात करपेल म्हणाली, नि आत गेली. अस्सा संताप आला, शिवांगी! कोणावर, ते अजून कळत नाही. फाटक उघडंच होतं.

सोमवारचं तिकीट आहे. बाळंतपण झालं की मला अजून राहा म्हण, पण एकदाच म्हण.

लोभ आहेच, तो आता समोरासमोर.

तुझी,
कलाताई