पलंगाखालचा सायलेन्सर

कोल्हार, सोमवार, ५ फेब्रुवारी १९७३

आज यांच्या ट्रकचं नगरला पासिंग होतं. म्हणून पहाटे पलंगाखालून सायलेन्सर निघाला. एरवी वर्षभर तो तिथंच, गोणपाटात. ट्रकचा सायलेन्सर काढून ठेवला की गाडी चढाला चांगली ओढते, असं सगळेच ड्रायव्हर म्हणतात. कायद्यात बसत नाही, पण पासिंगच्या साहेबाला दाखवायचा तो एकच दिवस. रस्त्यात हवालदार अडवतो, म्हणतो, लोकांच्या कानाला त्रास होतो. लोकांच्या! आत बसणाऱ्याच्या कानांचं कुणी विचारलंय कधी?

संध्याकाळी ट्रक दारात आला तो मला कळलाच नाही, इतका गप्प. "झाली पास!" हे घरात येऊन ओरडले. हल्ली असंच बोलतात.

वाटलं, आज शांत आहे, आजच सांगावं. चहा देताना जवळ जाऊन हळूच म्हटलं, मला दिवस गेलेत.

"आँ? जोरानं बोल की!"

पुन्हा म्हटलं. हे नुसते तोंडाकडं बघत राहिले. ओरडून सांगायची गोष्ट आहे का ही? "काही नाही," म्हटलं. मग हे पाना घेऊन ट्रकखाली शिरले, सायलेन्सर काढायला.

ओसरीवर बसलेल्या सासूबाईंना मात्र सगळं ऐकू गेलं होतं. ट्रकपाशी जाऊन त्यांनीच हाळी दिली, "अरं, पोटुशी हाय ती!"

अख्ख्या गल्लीला तेवढ्यातच कळलं. यांना दुसऱ्यांदा ओरडल्यावर.