तेरड्यावरचा खेकडा-कोळी

कोळवण, मंगळवार

प्रिय स्वरदा,

गौरींसाठी तू बांधावरून तेरडा आणलास, त्यावरून एक खेकडा-कोळी घरात आला. त्याची ओळख करून द्यायची राहून गेली.

ती मादी होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. नर तिच्यापुढे अगदीच बारका असतो. पोट चपटं, मागे रुंद. डोळे आठ. पुढचे चार पाय लांब आणि खेकड्यासारखे बाजूला फाकलेले, म्हणून हे नाव. चालतेही तिरकी. ती जाळं विणत नाही. पांढऱ्या फुलावर पांढरी असते, सोनकीवर गेली की काही दिवसांत पिवळी होते. हलत नाही. माशी टेकली की पुढच्या पायांनी धरते. तिचं विष माशीपुरतं. माणसाला त्याने काही होत नाही.

तुझ्या काकांना हे माहीत नाही. माहीत नसणं हा गुन्हा नव्हे, पण ते आपल्याला शोभून दिसतं असं त्यांना वाटतं. “मागे व्हा सगळे, विषारी आहे, मी व्हिडिओ पाहिलाय,” असं ओरडून त्यांनी झुरळांचा फवारा थेट गौरीवर मारला. पूजा मांडलेल्या गौरीवर! आपला गडी कोंडिबा म्हणाला, “सायेब, ह्यो काय करत न्हाई, लई गरीब हाय.” त्याचा जन्म या खोऱ्यात गेला. काकांना इथे फार्महाऊस घेऊन चार वर्षं झाली, अजून भात कुठला आणि गवत कुठलं ते कळत नाही. त्यांनी कोंडिबाला गप्प केलं. मग तू तेच म्हणालीस, तेव्हा उलट बोललीस म्हणून पाहुण्यांसमोर पाया पडून माफी मागायला लावली. आठ-दहा मोठी माणसं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

काल तुझ्या आईचा फोन आला. तू कोळ्यांची वही फाडलीस आणि विज्ञान प्रदर्शनातून नाव काढून घेतलंस म्हणे.

स्वरदा, मी वीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी पुरणपोळ्या वाढत होते, आणि वाढतच राहिले. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडू नये, एवढंच डोक्यात होतं. आज चहाच्या वेळी त्यांना सांगितलं की पोरगी बरोबर होती. “एका किड्यावरून एवढं?” म्हणून हसले. हसू देत. शाळेत जाऊन नाव परत घाल. आणि माफी तुझ्याकडून घेतली गेली, ती खरं तर मी मागायची होती. मागते.

तुझीच,
आशाकाकू